खालच्या सुरापासून सुरुवात : वस्तीतल्या मुलांना बरोक संगीताची ओळख कशी करून द्यावी

वाचनालयाच्या बालविभागात किंवा सुट्टीतील शिबिरात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा तास ठेवला की बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने तो पार पडतो. संयोजक संगीतकारांची केसांचे टोप घातलेली चित्रे भिंतीवर दाखवतात, जन्ममृत्यूची साले सांगतात, दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण लावतात आणि मुलांनी हाताची घडी घालून ऐकावे अशी अपेक्षा ठेवतात. तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते आणि सातव्या मिनिटाला पाण्याच्या बाटल्या वाजू लागतात. माझ्या पहिल्या वर्गात मीही हेच केले होते, आणि त्यात मुलांचा दोष काहीच नव्हता. पुढच्या वेळी क्रम उलटा केला : आधी मुलांनी गायचे, चालायचे, टाळ्या द्यायच्या, मग ऐकायचे, आणि साले व चित्रे सर्वांत शेवटी. खाली दिलेली आठ भेटींची आखणी त्या उलट्या क्रमावर उभी आहे. एक हॉल, एक हार्मोनियम आणि एक बरा स्पीकर असलेल्या कोणत्याही वस्तीत ती करता येते.

बरोक म्हणजे काय, आणि त्यातले मुलांना किती सांगावे

युरोपात साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांत जे संगीत रचले गेले त्याला बरोक म्हणतात. मोंतेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा १६०७ मध्ये इटलीतील मांतुआ येथे झाला, तो या काळाच्या आरंभाजवळचा टप्पा. योहान सेबास्टियन बाखचा १७५० मधील मृत्यू हा सोयीसाठी धरलेला शेवट. बाख, हेंडेल आणि दोमेनिको स्कार्लात्ती हे तिघेही १६८५ सालचे, तर विवाल्दी त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. ‘बरोक’ या शब्दाचे मूळ सामान्यतः पोर्तुगीज भाषेतील ‘बारोको’ या शब्दात, म्हणजे ओबडधोबड आकाराच्या मोत्यात सांगितले जाते. गोव्यात वर्ग असेल तर मुलांनी जुन्या गोव्याचे बॉम जेझूस चर्च पाहिलेले असते. १६०५ मध्ये प्रतिष्ठापना झालेली ती वास्तू बरोक शैलीचीच आहे, त्यामुळे तेथे हा शब्द दूरचा राहत नाही.

एवढी माहिती संयोजकाला पुरते. मुलांना पहिल्या दिवशी यातले काहीही सांगू नये. त्यांच्या कानाला कळायला हवी अशी गोष्ट एकच आहे : हे संगीत खालून वर बांधलेले असते. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज स्थिर राहतो आणि राग त्याच्यावर फिरतो. बरोक संगीतात खालचा सूरच चालू लागतो, आणि वरची प्रत्येक गोष्ट त्याच्या चालीवर ठरते. चेलो किंवा तत्सम खर्जाचे वाद्य ही खालची ओळ वाजवते. तिच्यावर हार्पसिकॉर्ड (पियानोसारखे दिसणारे पट्ट्यांचे वाद्य) किंवा थिऑर्बो (लांब मानेचे तंतुवाद्य) वाजवणारा वादक कागदावरील आकड्यांच्या खुणा पाहून उरलेले सूर स्वतःच्या बुद्धीने भरतो. या व्यवस्थेला बासो कंटिन्यूओ म्हणतात. आकडे लिहून दिलेले, पण भरणा वादकाचा. आपल्याकडील चांगल्या संगतकाराला ही जबाबदारी लगेच समजेल. मुलाला हा खालचा सूर ऐकू येऊ लागला की निम्मे काम झाले असे मी समजतो.

जागा, गट आणि स्पीकर

एका गटात पंधरा ते वीस मुले असावीत. सात ते बारा वर्षांचा एक गट आणि तेरा ते सोळा वर्षांचा दुसरा; दोन्ही एकत्र घेतल्यास मोठी मुले लहानांसमोर गायला लाजतात. आठवड्यातून एक भेट, एक तासाची, शक्यतो शनिवारी सकाळी. सोसायटीचा हॉल, शाळेची रिकामी वर्गखोली, वाचनालयाची गच्ची यांपैकी काहीही चालते, मात्र मुलांना गोल फिरता येईल एवढी मोकळी जमीन हवी, म्हणून खुर्च्या आधीच बाहेर काढाव्यात.

खर्च करायचाच असेल तर तो स्पीकरवर करावा. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरमधून खर्जाचे सूर जवळजवळ येतच नाहीत. चेलोची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ६५ कंपनांची असते आणि एवढा खालचा स्वर त्या चिमुकल्या पडद्यातून उमटत नाही. म्हणजे ज्या सुरावर सारी इमारत उभी आहे नेमका तोच गळतो, आणि मग मुलांना हे संगीत बारीक किणकिणाटासारखे वाटले तर नवल नाही. गणपतीच्या मंडळाकडे वर्षभर पडून असलेला मध्यम आकाराचा स्पीकर हलक्या आवाजात लावला तरी काम भागते. भेटीच्या आदल्या दिवशी तो त्याच हॉलमध्ये लावून, सर्वांत मागे बसून, चेलो स्पष्ट ऐकू येतो की नाही हे स्वतः तपासावे.

वाद्यांपैकी हार्मोनियम किंवा साधा कीबोर्ड पुरेसा आहे. प्लास्टिकचा रेकॉर्डर, म्हणजे शाळांतून मिळणारी पाश्चात्त्य बासरी, घ्यायचा असल्यास बरोक बोटरचनेचा घ्यावा. त्याच्यासारखाच दिसणारा जर्मन बोटरचनेचा प्रकार सुरुवातीला सोपा वाटतो, पण पुढे काही सूर नीट लागत नाहीत. प्रत्येक मुलाचा रेकॉर्डर वेगळा असावा, हे आरोग्याच्या दृष्टीने वेगळे सांगायला नको.

पहिली आणि दुसरी भेट : आठ मात्रांचा खालचा सूर

पाखेलबेल या जर्मन संगीतकाराचा कॅनन, म्हणजे एकच ओळ थोड्या थोड्या अंतराने सुरू करून स्वतःवरच बसवलेली रचना, लग्नांच्या चित्रफितींतून आणि लिफ्टमधून इतका वाजला आहे की जाणकार त्याचे नाव ऐकताच नाक मुरडतात. मुलांच्या पहिल्या भेटीसाठी तरीही त्याच्याइतकी सोयीची दुसरी रचना मला सापडलेली नाही. तीन व्हायोलिन आणि खालचा सूर, एवढाच त्याचा संच. खालच्या सुरात आठ स्वर आहेत, प्रत्येकाला एक मात्रा. हे आठ मात्रांचे आवर्तन सुरुवातीपासून शेवटपर्यंत अठ्ठावीस वेळा जसेच्या तसे येते. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर लेहरा धरतात, तसेच हे काम आहे. तबला शिकणारे एखादे मूल गटात असेल तर ते हे सर्वांत आधी ओळखते.

मूळ रचना डी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी दोनच्या बिलावलात आहे. मुलांच्या गळ्यासाठी षड्ज पांढरी एकवर घ्यावा. खालचा सूर मुळात मंद्रात जातो, तो लहान मुलांना झेपत नाही, म्हणून तो एक सप्तक वर उचलून असा गाऊन घ्यावा. सां म्हणजे तार षड्ज, आणि सर्व स्वर शुद्ध :

सां – प – ध – ग – म – सा – म – प

पहिली पंधरा मिनिटे केवळ एवढेच. प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकत, गोल फिरत, हार्मोनियमच्या साथीने गायचे. ज्या मुलाला गायचे नाही त्याने हार्मोनियमवर हेच आठ स्वर एका बोटाने वाजवावेत. कोणालाही रिकामे बसवू नये. ओळ पक्की झाली की गटाचे दोन भाग करावेत. एक भाग खालचा सूर धरून ठेवील आणि दुसरा भाग त्यावर ही ओळ म्हणेल, हीसुद्धा मात्रेला एक स्वर या हिशेबाने :

गं – रें – सां – नि – ध – प – ध – नि

दोन ओळी पहिल्यांदा एकमेकींवर बसतात तेव्हा हॉलमध्ये जे घडते ते शब्दांत पकडणे कठीण आहे. मुले गाता गाता एकमेकांकडे पाहू लागतात. येथे थांबून काही समजावण्याचा मोह टाळावा आणि आवर्तने चालू ठेवावीत. दुसऱ्या भेटीत तिसरी ओळ द्यावी :

सां – नि – ध – प – म – ग – म – रे

आता गटाचे तीन भाग होतात आणि खरा कॅनन करता येतो. पहिला भाग खालचा सूर एक आवर्तन एकटाच म्हणतो. मग दुसरा भाग ‘गं रें सां नि’ची ओळ घेऊन येतो. तो पुढच्या आवर्तनात ‘सां नि ध प’च्या ओळीवर गेला की त्याच क्षणी तिसरा भाग ‘गं रें सां नि’पासून सुरू करतो. मूळ रचनेत तीन व्हायोलिन अशीच एकेका आवर्तनाच्या अंतराने एकामागून एक येतात आणि पहिल्याने वाजवलेले सगळे पुढच्या दोघी तंतोतंत वाजवतात. हे करून झाल्यानंतर, आणि त्यानंतरच, ध्वनिमुद्रण लावावे. मुलांना तेव्हा कान कुठे ठेवायचा ते आधीच ठाऊक असते. बोटांवर आवर्तने मोजायला सांगितल्यास ती अठ्ठावीसपर्यंत पोहोचतात का हे पाहण्याची चुरस लागते. माझ्या पाहण्यात पहिल्या प्रयत्नात फार थोड्यांना ते जमते.

येथे दोन सूचना. हे गाताना तंबोरा किंवा तंबोऱ्याचे ॲप लावू नये. संगीतशिक्षक सवयीने ते सुरू करतात, आणि स्थिर सा-प चालत्या खालच्या सुराशी भांडत राहतो. दुसरी सूचना अशी की ‘हार्मनी’ हा शब्द सांगण्याआधी त्याचा अनुभव द्यावा. अर्ध्या मुलांना ‘सां’ लांबवायला सांगावे आणि त्याच्याखाली हार्मोनियमवर क्रमाने सा, मग ध, मग म दाबावा. वरचा स्वर हललेला नसतो, पण प्रत्येक वेळी तो निराळा वाटतो. असे का, हा प्रश्न मुलांकडून आला की शब्द सांगावा. नाही आला तर पुढच्या भेटीत पुन्हा करावे.

दुसऱ्या भेटीच्या शेवटी सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. पाखेलबेलने एर्फुर्टमध्ये ज्या शिष्यांना शिकवले त्यांत बाखचा थोरला भाऊ योहान क्रिस्टोफ होता. आईवडील गेल्यावर दहा वर्षांचा सेबास्टियन याच भावाकडे राहायला गेला. भावाकडे पाखेलबेल आणि इतर नामवंतांच्या रचनांची एक वही होती, ती जाळीच्या दाराच्या कपाटात बंद असे. मुलाने जाळीतून हात घालून ती गुंडाळून बाहेर काढली आणि सहा महिने चंद्रप्रकाशात रात्री तिची नक्कल केली. भावाला कळले तेव्हा त्याने ती नक्कलही काढून घेतली. बाखच्या मृत्यूनंतर १७५४ मध्ये छापलेल्या मृत्युलेखात ही हकिगत आहे. मुले भावावर रागावतात, आणि नाव मात्र कायमचे लक्षात राहते.

तिसरी भेट : पायांनी ऐकणे

बरोक काळातील वाद्यसंगीताचा फार मोठा भाग नृत्यातून आला आहे. बाखच्या सहा चेलो सूटमध्ये (सूट म्हणजे लहान तुकड्यांची मालिका) प्रत्येक सूटची सुरुवातीची प्रस्तावना सोडली तर बाकीचे सगळे तुकडे नृत्यांच्या नावाचे आहेत. म्हणून तिसऱ्या भेटीत संपूर्ण तास उभ्यानेच घ्यावा.

मिन्युएट हा दरबारी नृत्यप्रकार तीन मात्रांचा असतो. पहिल्या मात्रेला गुडघा किंचित वाकवून जड पाऊल, दुसऱ्या-तिसऱ्याला टाचा उचलून हलकी पावले, एवढे मुलांसाठी पुरते. दरबारी नृत्याची खरी पदरचना सहा मात्रांत चार पावलांची असते, ती मोठ्या गटाला शिकवावी. संगीत म्हणून बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीतील जी मेजरचा मिन्युएट घ्यावा. त्याची पहिली ओळ ‘प – सारेगम – प – सा – सा’ अशी सुरू होते आणि पियानो शिकणाऱ्या असंख्य मुलांनी ती वाजवलेली असते. छापील पुस्तकांत अजूनही तिच्यावर बाखचे नाव दिसते, परंतु ती ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याची आहे. घरच्या वहीत आवडलेली दुसऱ्याची चीज उतरवून घ्यायची, ही सवय आपल्या गायकांच्या वह्यांतूनही दिसते.

मिन्युएटला सहा मात्रांचा दादरा म्हणून मोकळे व्हावे असा मोह मराठी शिक्षकाला होतो. सुरुवातीची उडी घेण्यापुरते ते ठीक आहे, पण दादऱ्यातील खाली आणि आवर्तनाची समेकडे होणारी ओढ मिन्युएटमध्ये नाही, हे मोठ्या मुलांना स्पष्ट सांगावे. फरक पटवायला साराबांद हा दुसरा नृत्यप्रकार उपयोगी पडतो. तोही तीन मात्रांचा, पण संथ, आणि त्याचा भार बहुधा दुसऱ्या मात्रेवर रेलतो. मुलांनी दुसऱ्या मात्रेवर हात छातीशी आणायचे. पहिल्या मात्रेवर हात आपोआप हलतात आणि हशा पिकतो. शेवटी जीग हे जलद नृत्य लावून मुलांना उड्या मारू द्याव्यात. तेथे काहीही शिकवायचे नसते.

ताल धरण्यावरून लुलीची गोष्ट निघतेच. फ्रान्सच्या राजदरबारातील हा संगीतकार जड काठी जमिनीवर आपटून ताल देत असे. राजाच्या आजारपणानंतर कृतज्ञतेचा कार्यक्रम करताना ती काठी त्याच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यातच १६८७ मध्ये तो दगावला.

चौथी भेट : मिझराब आणि हातोडी

हार्पसिकॉर्ड आणि पियानो दिसायला सारखे वाटतात, म्हणून मुले दोन्हींना पियानोच म्हणतात. पाटीच्या लाकडी चौकटीला चार रबरबँड ताणून बांधावेत. एकदा ते नखाने छेडावेत आणि एकदा पेन्सिलीने ठोकावेत. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पिसाच्या देठाची बारीक नखी तार छेडते, पियानोमध्ये हातोडी तारेवर पडते. सतार आणि संतूर यांच्यात जो फरक आहे तोच येथे आहे. नखी जोराने दाबा किंवा हळू, तार जवळजवळ तेवढीच वाजते. त्यामुळे हार्पसिकॉर्डवर आवाज हळूहळू मोठा करता येत नाही, आणि म्हणून त्यासाठी लिहिणारे संगीतकार अलंकारांची, मुरक्यांची एवढी दाटी करतात. फ्लोरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हातोडीचे वाद्य बनवले, तेव्हा ही मर्यादा सुटली.

एका व्यावहारिक अडचणीची सूचना येथे करतो, कारण तिने माझा एक अख्खा तास खाल्ला होता. जुन्या पद्धतीची वाद्ये वापरणारे वृंद बहुधा सुमारे अर्धा स्वर खाली जुळवलेले असतात. त्यांच्या ‘ए’ची कंपने ४४० ऐवजी ४१५ असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांची पांढरी सहा आपल्या काळी चारवर येते. मुलांनी हार्मोनियमवर बसवलेली ओळ अशा ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवली की सगळे बेसूर होते आणि मुलांना आपलेच चुकले असे वाटते. बरोबर वाजवून घ्यायचे असेल तर आधुनिक जुळणीचे ध्वनिमुद्रण निवडावे, किंवा हार्मोनियमची ओळ अर्धा स्वर खाली बसवून घ्यावी.

पाचवी भेट : गारपिटीची गोष्ट आधी सांगू नये

विवाल्दीचे ‘चार ऋतू’ हे चार व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वृंद यांच्यासाठीच्या रचना) १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापले गेले, आणि प्रत्येकाबरोबर एक सुनीत छापलेले होते. संगीतात काय घडते ते सुनीतात लिहिलेले असल्यामुळे शिक्षक प्रथम गोष्ट सांगतो, मग संगीत लावतो. हे उलटे करावे. ‘उन्हाळ्या’चा शेवटचा भाग काहीही न सांगता लावावा, आणि मुलांना कागदावर नुसत्या रेघा ओढायला सांगाव्यात : संगीत वर गेले की रेघ वर, दाटले की रेघा दाट. तीन मिनिटांनंतर सर्वांचे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडावेत. मग सुनीताचा आशय सांगावा की आकाश गरजते आहे आणि गारा उभ्या पिकाची कणसे छाटून टाकत आहेत. नाशिककडच्या मुलांना गारपीट म्हणजे द्राक्षबागेचे काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही. इटलीच्या उन्हाळ्याला आपला वैशाख म्हणून सांगण्याची मात्र गरज नाही. तिकडची गारपीट भर उन्हाळ्यात, कापणीच्या तोंडावर येते, आणि एवढा फरक मुलांना समजतो.

लहान गटासाठी ‘वसंता’चा मधला, संथ भाग घ्यावा. एकल व्हायोलिन म्हणजे झोपलेला गुराखी, बाकीची व्हायोलिने म्हणजे पानांची सळसळ, आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचे थोडे मोठे भावंड, हा भुंकणारा कुत्रा. विवाल्दीने स्वतःच त्या ओळीवर तसे लिहिले आहे. तीन गट करून मुलांनाच हे करायला लावावे. कुत्र्याच्या गटात जाण्यासाठी भांडण होते, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात. या भागात चेलो आणि हार्पसिकॉर्ड गप्प असतात. पहिल्या दोन भेटींत खालचा सूर ज्यांनी गायला आहे, त्यांना ‘आज काय नाही?’ असे विचारावे.

विवाल्दी १७०३ पासून व्हेनिसमधील ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ या अनाथालयात व्हायोलिन शिकवत असे. तेथील मुली जाळीच्या आडून वाजवत आणि त्यांना ऐकायला युरोपभरचे प्रवासी येत. आना मारिया नावाची तेथलीच एक मुलगी एवढी तयार झाली की विवाल्दीने तिच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिले. बरोक संगीत राजवाड्यांत आणि चर्चमध्ये होतेच, पण मुलांच्या आणि गरजूंच्या संस्थांशीही त्याचे नाते जुने आहे : पर्सेलचा ‘डायडो आणि इनिअस’ हा ऑपेरा लंडनजवळच्या चेल्सीतील मुलींच्या शाळेत झाला होता, आणि हेंडेलचा ‘मसाया’ १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये प्रथम झाला तो कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी. पुढे लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या बेवारस मुलांच्या संस्थेसाठी हेंडेल तो करत राहिला.

बोलिव्हियाच्या चिकितोस प्रदेशातील उदाहरण आजचे आहे. जेझुइट धर्मप्रसारकांनी तेथील आदिवासी वस्त्यांत अठराव्या शतकात वाद्ये बनवायला आणि वाजवायला शिकवली. १७६७ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले, पण हस्तलिखिते गावकऱ्यांनी जपली. १९९६ पासून तेथील जुन्या चर्चमध्ये बरोक संगीताचा महोत्सव भरतो आणि गावातील मुलांचे वृंद त्यात वाजवतात. संयोजकाने हे पालकांना सांगावे; मुलांना कुत्र्याचा तास पुरे आहे.

धर्माचा प्रश्न

पालकांकडून केव्हातरी प्रश्न येतो की हे चर्चचे संगीत आहे का. बराच भाग आहे, आणि तसे सरळ सांगावे. बाख आपल्या अनेक रचनांच्या शेवटी ‘एस. डी. जी.’ अशी तीन अक्षरे लिहीत असे, त्यांचा अर्थ ‘केवळ देवाच्या गौरवासाठी’. आपल्याकडे कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिण्यासारखेच ते आहे. अभंग समजून घेण्यासाठी वारकरी असावे लागत नाही, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटतो. आठ भेटींत वाद्यसंगीतच प्रामुख्याने ठेवले आहे, ते भाषेच्या सोयीसाठी. काही लपवण्यासाठी नव्हे.

सहावी भेट : एकच ओळ, दोन हात, आणि उलटे वाचन

बाखने १७२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पंधरा ‘इन्व्हेन्शन’, म्हणजे दोन ओळींच्या छोट्या रचना, नीट लिहून काढले. पहिल्याची ओळ ‘सारेगमरेगसाप’ अशी आहे. मुलांनी ती आधी गाऊन पक्की करावी. मग रचना वाजत असताना ती वरच्या सुरात आली की उजवा हात वर, खालच्या सुरात आली की डावा. दोन्ही हात धावपळीने वरखाली होऊ लागतात, आणि चांगला कान असलेली एक-दोन मुले विचारतात की तिसऱ्या मापापासून ती ओळ उतरती का झाली. तेथे तीच ओळ आरशात पाहावी तशी उलटी केलेली असते, चढ तेथे उतार. ज्याने हे ओळखले त्याला त्या दिवशी खालच्या सुराच्या गटाचा म्होरक्या करावे.

त्यानंतर फळ्यावर ‘रामाला भाला मारा’ लिहावे आणि उलटे वाचायला लावावे. बाखच्या १७४७ मधील ‘म्युझिकल ऑफरिंग’ या संग्रहात खेकड्याचा कॅनन आहे : एक वादक ओळ सुरुवातीपासून वाजवतो, दुसरा त्याच वेळी तीच ओळ शेवटून सुरुवातीकडे, आणि दोन्ही एकमेकींवर बसतात. मुलांनी चार स्वरांची अशी ओळ स्वतः रचून पाहावी. बहुतेक प्रयत्न कानाला बोचतात. बसतील असे स्वर निवडण्यासाठी दुसऱ्या भेटीतील ‘सां’खाली सा-ध-म दाबण्याचा प्रयोग आठवून द्यावा.

मोठ्या गटाला याच भेटीत जुनी हिंदी चित्रपटगीते ऐकवावीत. गायक गात असताना मागची व्हायोलिने स्वतःचीच वेगळी ओळ घेऊन चालतात, ती गुणगुणून दाखवा असे सांगावे. ही कारागिरी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आणण्यात गोव्याच्या वादकांचा आणि संगीतसंयोजकांचा वाटा फार मोठा आहे. ॲन्थनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील दोन ठळक नावे. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा होती, तेथून ही वाट निघाली. त्यानंतर बाखच्या दोन व्हायोलिनांच्या डी मायनर कॉन्चेर्तोचा संथ भाग ऐकवला की मुलांना परके काही ऐकतो आहोत असे वाटत नाही.

सातवी आणि आठवी भेट

सातव्या भेटीला एक वादक बोलवावा, आणि निवड करता येत असेल तर व्हायोलिनऐवजी चेलो निवडावा. मुंबईत एनसीपीए हे कलाकेंद्र आणि तेथील सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, गोव्यात कला अकादमी, इतर शहरांत पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांना बसवणारे शिक्षक आणि चर्चचे गायकवृंद यांच्याकडे चौकशी केल्यास कोणी ना कोणी मिळते. मानधन आधी ठरवून द्यावे. ‘मुलांसाठी आहे’ म्हणून फुकट बोलावण्याची पद्धत वाईट आहे. वादकाला भाषण करू देऊ नये. त्याने पाखेलबेलचा खालचा सूर धरावा आणि मुलांनी वरच्या दोन ओळी गाव्यात. मग प्रत्येक मुलाने एकदा वाद्याच्या लाकडी पाठीला हात लावून खर्ज हाताला जाणवतो का ते पाहावे.

साहित्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. बरोक रचनांवर आता कोणाचा हक्क राहिलेला नाही, आणि जुन्या छापील प्रती आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मिळतात. नेदरलँड्स बाख सोसायटीने ‘ऑल ऑफ बाख’ या उपक्रमात बाखच्या रचनांच्या उत्तम चित्रफिती विनामूल्य ठेवल्या आहेत. खालचा सूर वाजवणारा वादक त्यांत दिसतो, हा मोठा फायदा. रचना मुक्त असली तरी विशिष्ट ध्वनिमुद्रणावर हक्क असू शकतो, हे जाहीर कार्यक्रम करताना विसरू नये.

आठव्या भेटीला स्टेज, माइक आणि पाहुण्यांचे सत्कार नकोत. पालकांना जमिनीवर गोल बसवावे, मुले मध्ये. कार्यक्रम पंचवीस मिनिटांचा. आरंभी पालकांनाच ‘सां प ध ग म सा म प’ शिकवायचे काम मुलांकडे द्यावे, आणि पालकांनी तो धरला की मुलांनी वर कॅनन उभा करावा. नंतर एक मिन्युएट, कुत्र्यासह ‘वसंत’, आणि खेकड्याच्या कॅननचे मुलांनी रचलेले दोन-तीन नमुने, बोचरे असले तरी.

पिएतामध्ये तयार झालेल्या मोठ्या मुली धाकट्यांना शिकवत असत. येथेही तसेच करावे : आठ भेटी पूर्ण केलेल्या मुलांपैकी ज्यांना यायचे आहे अशा दोघातिघांना पुढच्या गटाच्या पहिल्या दिवशी बोलवावे, आणि नवी मुले गोल फिरू लागली की हार्मोनियमवर खालचा सूर त्यांच्याकडे सोपवून संयोजकाने बाजूला बसावे.